पावलाची जागा

वाद्यांच्या कारागिरीविषयी लिहू लागले की लेखणी सहजच हातांकडे वळते. सतारीच्या पडद्यांवरून फिरणारी बोटे, तबल्यावर पडणारी थाप, पेटीच्या पट्ट्यांवरून धावणारा पंजा यांची वर्णने आपण नित्य वाचतो. वादनात पावलांनाही काही कर्तव्य असते, ही गोष्ट मात्र आपल्या ध्यानी सहसा येत नाही. ज्यांनी संगीत नाटकाला साथ करणारा ऑर्गन जवळून पाहिला असेल, त्यांना याची थोडीफार ओळख असेल. त्या ऑर्गनच्या तळाशी दोन रुंद पायफळ्या असतात. वादक त्या आलटून पालटून दाबीत राहतो व त्यामुळे भात्यात हवा खेळती राहते. तेथे पाय थांबला की सूर थांबला. पियानोच्या पेडलांचे काम याहून अगदी निराळे आहे. तेथे सूर हाताने उमटतो. पाऊल केवळ त्या सुराने किती काळ रेंगाळावे आणि कोणत्या रंगाने रेंगाळावे हे ठरविते.

या सदरात पेटीच्या भात्याविषयी लिहिले, तेव्हा पियानोच्या पेडलांविषयीही लिहावे अशी सूचना काही वाचकांनी केली. तिला अनुसरून या महिन्यात एक विशिष्ट प्रश्न घेतला आहे. एखादा जुना ग्रँड पियानो संपूर्ण खोलून पुन्हा उभारावयाचा झाल्यास त्याच्या पेडलांचा संच नेमका कोठे आणि कसा बसवावा? प्रश्न दिसण्यात फार लहान आहे. ज्या वाद्यात सुमारे २३० तारा आहेत, ज्या तारांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांपर्यंत जातो, ज्याच्या नादफळीसाठी निवडक लाकूड शोधावे लागते, त्या वाद्याच्या दुरुस्तीत दोन-तीन पितळी पेडलांची कथा ती काय? परंतु नेमके येथेच पुष्कळदा हत्ती जातो आणि शेपूट अडकते. तारा नव्या, हातोड्यांवरील नमदा नवा, लाकडाला आरशासारखी झिलई, आणि वाजविणारा बसला की पाऊल अवघडते. मग तो पियानो दिवाणखान्याची शोभा होऊन राहतो.

प्रथम पेडले काय करतात ते थोडक्यात पाहू. पियानोच्या बहुतेक तारांवर नमद्याच्या लहान गाद्या टेकलेल्या असतात. त्यांना डँपर म्हणतात. पट्टी दाबली की त्या स्वराचा डँपर उचलला जातो, हातोडी तारेवर आदळते, आणि पट्टी सोडताच डँपर पुन्हा तारेवर बसून नाद थांबवितो. उजवे पेडल दाबले असता सर्वच डँपर एकदम उचलले जातात. मग बोट उचलले तरी स्वर विरत नाही; इतकेच नव्हे, तर ज्या तारा वाजविलेल्या नाहीत त्याही, सतारीच्या तरफा झंकाराव्यात तशा, मंद झंकारू लागतात. डावे पेडल दाबले की ग्रँड पियानोत पट्ट्या व हातोड्या यांचा सगळा साचाच किंचित बाजूला, बहुधा उजवीकडे, सरकतो. त्यामुळे जेथे एका स्वराला तीन तारा आहेत तेथे हातोडी दोनच तारांवर पडते व नाद मवाळ होतो. मधले पेडल असल्यास ते त्या क्षणी दाबलेल्या स्वरांचेच डँपर वर धरून ठेवते, बाकीचे मोकळे सोडते. ही मधल्या पेडलाची कल्पना मार्से येथील बॉइसलो यांनी १८४४ साली प्रदर्शनात मांडली आणि स्टाइनवे यांनी १८७४ साली तिचे पेटंट घेतले. घरगुती उभ्या पियानोत मधले पेडल पुष्कळदा केवळ सरावाच्या वेळी आवाज दबविण्यासाठी असते. त्याचा या मधल्या पेडलाशी संबंध नाही.

पेडल आज जेथे आहे तेथे ते सहजासहजी आलेले नाही. इटलीतील क्रिस्तोफोरी यांनी सन १७००च्या सुमारास पियानो सिद्ध केला. त्यांचे तीनच पियानो आज शिल्लक आहेत. त्यांपैकी १७२२ व १७२६ या सालच्या पियानोंत पट्ट्यांचा साचा बाजूला सरकविण्याची सोय आहे. पण ती हाताने करावयाची. म्हणजे नादाचा रंग बदलावयाचा तर वादनातून हात काढावा लागे. पुढे जर्मन व ऑस्ट्रियन कारागिरांनी डँपर उचलण्यासाठी पट्ट्यांच्या खाली गुडघ्याने वर ढकलावयाची पट्टी बसविली. मोझार्ट यांनी ऑक्टोबर १७७७ मध्ये आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात श्टाइन यांच्या पियानोची ही गुडघ्याची योजना फार वाखाणली आहे. बेथोव्हेन यांनी १८०१ साली रचलेल्या, पुढे ‘मूनलाइट’ या नावाने ख्याती पावलेल्या सोनाटाचा पहिला भाग डँपर उचलून वाजवावा अशी सूचना आहे. आणि त्या काळच्या व्हिएन्नातील पुष्कळशा पियानोंवर ही सूचना गुडघ्यानेच पाळावी लागे.

इंग्लंडमध्ये मात्र पावलाला काम देण्यात आले. लंडनचे अमेरिकस बॅकर्स यांनी १७७२ साली बनविलेला ग्रँड पियानो आजही अस्तित्वात आहे व त्याला दोन पेडले आहेत. पण ती कोठे? पियानोच्या पुढच्या दोन पायांना लावलेली. एक डाव्या पायाला, एक उजव्या पायाला. कारागिराच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती, कारण पाय मजबूत, जमिनीवर उभे आणि आयते जागेवर. वाजविणाऱ्याला मात्र दोन्ही पावले फाकून बसावे लागे. १७८३ साली जॉन ब्रॉडवूड यांनीही पेडलासंबंधी पेटंट घेतले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या आरंभापर्यंतच्या काळात ही पेडले पायांपासून सुटून पट्ट्यांच्या मध्यभागी, एका स्वतंत्र लोंबत्या चौकटीत आली. या चौकटीचा आकार ग्रीकांच्या लायर नावाच्या प्राचीन तंतुवाद्यासारखा करीत. म्हणून तिला आजही लायर असेच म्हणतात, मग तिचा आकार साधा चौकोनी का असेना. हा सारा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. हातापासून गुडघ्याकडे, गुडघ्यापासून पावलाकडे आणि फाकलेल्या पावलांपासून स्वस्थ टेकलेल्या पावलांकडे यंत्र सरकत गेले ते माणसाच्या शरीराला शोधीत. पेडलाची आजची जागा हे त्या शंभर वर्षांच्या शोधाचे फलित आहे. दुरुस्तीच्या वेळी ती जागा चार बोटे चुकली, तर आपण ते फलित पुसून टाकतो.

आता या लायरची रचना ध्यानात घेऊ. पियानोच्या पट्ट्या ज्या जाड फळीवर बसविलेल्या असतात तिला आपण ‘बैठक’ म्हणू. या बैठकीच्या खालच्या अंगाला लायरचा माथा स्क्रूंनी किंवा खाचेच्या पितळी पट्ट्यांनी घट्ट केलेला असतो. माथ्यापासून दोन खांब खाली येतात आणि त्यांच्या तळाशी एक पेटी असते. त्या पेटीत पेडले सीसॉच्या फळीप्रमाणे मधल्या आसावर झुलतात. पुढचे टोक पावलाने खाली गेले की मागचे टोक वर जाते. ते आपल्या माथ्यावरील उभी दांडी वर ढकलते. दांडी बैठकीखालील तरफेला ढकलते. येथे तरफ म्हणजे सतारीची तार नव्हे, तर शास्त्राच्या पुस्तकातील तरफ, एवढे सांगितले पाहिजे. डँपरची तरफ बैठकीतील भोकातून वर जाणाऱ्या लाकडी खुंटीला उचलते आणि ती खुंटी सर्व डँपरांना एकदम वर घेते. डाव्या पेडलाची तरफ या उभ्या चालीचे आडव्या चालीत रूपांतर करून पट्ट्यांचा साचा बाजूला ढकलते.

यात एक मर्म आहे. लायर जमिनीवर उभी नसते. ती वरून लोंबत असते. पावलाने पेडल दाबले की त्याच्या आसावर खालच्या दिशेने भार येतो. त्यात पावलाचा भार तर असतोच, शिवाय मागच्या टोकावर दांडीने दिलेला प्रतिभारही मिळतो. म्हणजे पाऊल जेवढे दाबते त्याहून अधिक ओढ लायरच्या सांध्यांवर आणि माथ्याच्या स्क्रूंवर पडते. त्यातच पाऊल नुसते सरळ खाली जात नाही. ते पेडलाला थोडे पुढे, म्हणजे वाजविणाऱ्यापासून दूर, रेटते. या रेट्याने लायर मागे झुकू पाहते. तिला तसे झुकू न देण्यासाठी मागून दोन तिरप्या आधारदांड्या लावलेल्या असतात. त्यांचे खालचे टोक लायरच्या पेटीशी आणि वरचे टोक मागे बैठकीच्या खालच्या अंगाशी असते. या दांड्या दिसायला अगदी किरकोळ असतात. पियानो एका घरातून दुसऱ्या घरी नेताना लायर काढावी लागते; तेव्हा या दांड्या हमखास हरवतात, किंवा ‘ह्या कशाला हव्यात?’ म्हणून अडगळीत पडतात. मग वर्षानुवर्षे लायर मागेपुढे हलत राहते, स्क्रूंची भोके मोठी होतात, खांबांचे सरसाने जोडलेले सांधे उकलतात आणि एके दिवशी पेडलांची पेटी खालीच गळते.

आपल्या प्रदेशांतील हवा या बाबतीत फारशी कनवाळू नाही. गोव्याच्या जुन्या घरांतून कित्येक पियानो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले आढळतात. तेथील चार महिन्यांच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, सरस नरम पडतो, खाऱ्या हवेने लोखंडी स्क्रू गंजतात, आणि वाळवीची भीती असतेच ती वेगळी. इंदूर-ग्वाल्हेरकडे याच्या उलट कडक उन्हाळा लाकडातील ओल शोषून घेतो व पाठोपाठ येणारा पावसाळा तेच लाकूड पुन्हा फुगवितो. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्यात लाकडातील स्क्रूची पकड सैल होत जाते. म्हणून अशा पियानोची पुनर्बांधणी करताना लायरची जुनी भोके जशीच्या तशी उपयोगी पडतील असे क्वचितच घडते. ती बुजवावी लागतात, कधी बैठकीची फळीच बदलावी लागते, आणि मग मूळ जागा कोणती होती हा प्रश्न उभा राहतो.

येथे कोणी सहज विचारील की, पेडले दोन बोटे मागेपुढे झाली तर बिघडले कोठे? वाजविणाऱ्याने आपले बाक पुढेमागे सरकवावे! या शंकेचे उत्तर हाच या साऱ्या विषयाचा गाभा आहे. बाक एक आहे आणि त्याच्याकडे मागण्या दोन आहेत. हातांची मागणी अशी की, कोपरे सुमारे पट्ट्यांच्या पातळीत यावीत, दंड मोकळे राहावेत आणि बोटे पट्ट्यांवर सहज पडावीत. पावलांची मागणी अशी की, टाच जमिनीवर निवांत टेकलेली असावी, चवड्याचा भाग पेडलावर यावा आणि केवळ घोट्याच्या हालचालीने पेडल खालीवर व्हावे. पट्ट्या आणि पेडले यांचे परस्परांतील अंतर बरोबर असेल तर बाकाच्या एकाच जागी या दोन्ही मागण्या पुऱ्या होतात. ते अंतर चुकले तर बाक कोठेही ठेवा, एक मागणी अपुरी राहणारच. पेडले फार मागे गेली असतील तर पाऊल पोहोचविण्यासाठी वाजविणारा पुढे सरकतो. मग कोपरे अंगाला चिकटतात आणि गुडघे बैठकीच्या कडेला लागू पाहतात. पेडले फार पुढे आली असतील तर पाय दुमडून बाकाखाली घ्यावा लागतो किंवा बाक मागे नेऊन हात ताणावे लागतात. टाच जमिनीवरून उचलली गेली की सगळ्या पायाचा भार मांडीला आणि नडगीच्या पुढच्या स्नायूला पेलावा लागतो. पंधरा मिनिटांत पाय भरून येतो. अर्ध्या तासात लक्ष संगीतावरून उडून पायाकडे जाते.

शाळेत ज्यांनी वर्ग चालविले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. बाक आणि डेस्क यांतील अंतर चुकले की मुलाचे अक्षर बिघडते, हे आम्ही पाहत आलो आहोत. आणि दोष मात्र मुलाला मिळतो. पियानोचेही तसेच आहे. शिकणारी मुलगी पेडल वेळेवर सोडीत नाही, स्वर एकमेकांत कालवतात, म्हणून शिक्षक रागावतात. पण तिची टाचच जर जमिनीला टेकत नसेल तर पेडल हलकेच अर्धे सोडणार कसे? लहान मुलांचे पाय मुळातच पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी पेडलांवर बसविण्याची उंच जोडयंत्रे मिळतात, ती वापरावीत. परंतु मोठ्या माणसालाही अवघडावे लागत असेल तर दोष पावलाचा नसून जागेचा आहे.

आता प्रत्यक्ष काम. जाणता कारागीर या कामाचा आरंभ लायरपासून करीत नाही. तो जमिनीपासून करतो. पेडलांची जमिनीपासूनची उंची लायरवर जितकी अवलंबून असते तितकीच पियानोच्या पायांवर आणि पायांखालच्या चाकांवर असते. जुनी लहान चाके काढून मोठी पितळी चाके बसविली की सबंध पियानो वर उचलला जातो आणि त्याबरोबर पेडलेही. पाय झिजले म्हणून कापले, किंवा पियानो जाड गालिचावर उभा केला, तर पेडले जमिनीच्या अधिक जवळ येतात आणि त्यांना खाली जायला पुरेसा वावच उरत नाही. म्हणून आधी पाय व चाके कायमची ठरवावीत, पियानो समपातळीत उभा करावा, आणि मगच खालच्या मोजमापाला हात घालावा.

दुसरी पायरी साक्षीदार गोळा करण्याची. पियानो खोलण्यापूर्वीच बैठकीच्या खालच्या अंगाचे नीट निरीक्षण केले पाहिजे. लायरचा माथा जेथे वर्षानुवर्षे चिकटून होता तेथे उजेड व धूळ पोहोचलेली नसते. त्यामुळे तेवढ्या भागाचा रंग भोवतालच्या लाकडाहून वेगळा दिसतो. हा पहिला साक्षीदार. स्क्रूंची भोके हा दुसरा. भोकांचे दोन-तीन संच आढळले तर मागे कोणीतरी लायर हलविली होती हे उघड आहे. मग जो संच त्या रंगाच्या चौकोनाशी जुळतो तो मूळचा समजावा. आधारदांड्यांच्या वरच्या टोकांच्या खुणा हा तिसरा साक्षीदार. आणि चौथा, जो कधी जागा सोडीत नाही, तो म्हणजे बैठकीतून वर जाणाऱ्या डँपरच्या खुंटीचे भोक. चारही साक्षी जुळल्या तर प्रश्न मिटला. कारागिराने नवे डोके चालवू नये. जुन्या भोकांत लाकडी खुंट्या सरसाने बसवून त्याच जागी नवी भोके पाडावीत. मूळ निर्मात्याने जी जागा ठरविली ती बहुधा विचारपूर्वकच ठरविलेली असते.

साक्षी जुळत नसतील, बैठक नवी असेल, किंवा लायरच दुसऱ्या पियानोची आणून लावावयाची असेल, तर मात्र जागा नव्याने शोधणे भाग पडते. डावे-उजवे ठरविणे त्यातल्या त्यात सोपे. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात; त्यांपैकी ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. या सर्वांचा मध्य ४४व्या आणि ४५व्या पट्टीच्या दरम्यान येतो. ही दोन्ही पांढरी असून त्यांच्यामध्ये काळी पट्टी नाही. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगावयाचे तर मधल्या सप्तकातील पांढरी तीन आणि पांढरी चार यांमधील रेषा. बहुतेक आधुनिक ग्रँड पियानोंत लायर या मध्यरेषेच्या आसपास असते. निर्मात्यानुसार थोडा फरक पडतो, आणि जुन्या, कमी पट्ट्यांच्या पियानोंचा मध्य अर्थातच निराळा असतो. म्हणून ही रेषा आरंभबिंदू समजावी, अंतिम निर्णय नव्हे. अंतिम निर्णय तरफांचा. पेडलांच्या मागच्या टोकांपासून वर जाणाऱ्या दांड्या आपापल्या तरफेच्या टोकाखाली सरळ उभ्या आल्या पाहिजेत. ओळंबा सोडून हे पाहावे. दांडी तिरपी गेली तर तिचा काही जोर वर जाण्याऐवजी बाजूला जातो, घर्षण वाढते, आणि प्रत्येक दाबाबरोबर जी कुरकुर ऐकू येते ती कितीही तेल घालून जात नाही.

मागे-पुढे ठरविणे अधिक अवघड, कारण तेथे यंत्र आणि माणूस या दोघांचे मत घ्यावे लागते. तरफेचा एक विशिष्ट भाग दांडीसाठी योग्य असतो. त्या मर्यादेत लायर थोडी मागेपुढे करता येते. या मर्यादेत नेमकी कोठे थांबावी हे कागदावर ठरविण्यापेक्षा बसून ठरविणे बरे. लायर क्लॅम्पांनी तात्पुरती आवळावी. अद्याप एकही भोक पाडू नये. वाजविणाऱ्याला बाकावर बसवावे. त्याने प्रथम हातांच्या सोयीने बाक लावावे, पावलांचा विचारही करू नये. मग टाच सहज जेथे टेकेल तेथे टेकू द्यावी आणि चवडा पेडलावर कोठे पडतो ते पाहावे. नडगी ताणलेली किंवा फार दुमडलेली नसावी; गुडघा आणि बैठक यांमध्ये मोकळी जागा असावी. नंतर उंच आणि ठेंगण्या अशा आणखी दोघांना बसवून पाहावे. सगळ्यांना सारखीच सोय होणे शक्य नाही. परंतु कोणालाच फार अवघडू नये एवढी जागा शोधता येते. ती सापडली की जाड पुठ्ठ्याचा साचा कापून तिच्यावर माथ्याची कड, भोके आणि पट्ट्यांच्या पुढच्या कडेपासूनचे अंतर लिहून ठेवावे. हा साचा पियानोच्या आतच चिकटवून ठेवल्यास पन्नास वर्षांनी येणारा कारागीर दुवा देईल.

त्यानंतर लायर कायमची बसवावी. माथा बैठकीला आणि खांब माथ्याला काटकोनात आहेत की नाहीत हे गुण्या लावून पाहावे. आधारदांड्या सर्वांत शेवटी. त्या अशा बसाव्यात की टेकल्या पाहिजेत, पण रेटता कामा नयेत. दांडी आखूड असेल तर ती असून नसल्यासारखी; लांब असेल तर पाचरीप्रमाणे लायरला पुढे ढकलून माथ्याचे सांधे उघडते. दांडी हरवलेली असेल तर चांगल्या टणक लाकडाची नवी करून घ्यावी. तो खर्च सबंध कामाच्या मानाने अल्प असतो आणि त्यावाचून बाकी सारे व्यर्थ जाते.

शेवटी दांड्यांची लांबी आणि पेडलांची चाल. उजव्या पेडलाला आरंभी किंचित मोकळी चाल हवी. म्हणजे पेडल थोडे खाली गेल्यावर मगच डँपर उचलू लागावेत. ही मोकळी चाल अगदीच नसेल तर डँपर तारांवर पुरते बसत नाहीत आणि पाऊल नसतानाही स्वर गळत राहतात. ती फार असेल तर पावलाला उगीच दूर जावे लागते. डँपर पूर्ण उचलल्यावर पेडल नमद्याच्या टेकूवर थांबावे. वरच्या यंत्रणेवर जोर देऊन थांबू नये. डाव्या पेडलाचेही तसेच. दांडी गरजेपेक्षा लांब झाली तर पट्ट्यांचा साचा स्वस्थ असतानाही थोडा सरकलेलाच राहतो, हातोड्या तारांच्या मध्यावर पडत नाहीत, आणि दोष हातोड्यांचा समजून भलतीच दुरुस्ती सुरू होते. ही सारी कामे डँपर व पट्ट्या वरून जुळविल्यानंतरच करावयाची असतात. आधी केली तर पुन्हा करावी लागतात.

ज्यांच्या घरी असे एखादे जुने वाद्य आहे, मग तो ग्रँड पियानो असो, उभा पियानो असो की पायांचा ऑर्गन असो, त्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वाद्य हलविताना सुटणारा प्रत्येक भाग, विशेषतः तिरप्या दांड्या आणि स्क्रू, एका पिशवीत घालून ती पिशवी वाद्यालाच बांधावी. दुरुस्तीला देण्यापूर्वी खालच्या बाजूची छायाचित्रे घ्यावीत आणि जमिनीपासून पेडलांची उंची, पट्ट्यांच्या कडेपासून पेडलांचे अंतर ही मापे एका कागदावर लिहून ठेवावीत. कारागिराला ‘पेडले चालली पाहिजेत’ एवढेच न सांगता ‘पेडले पूर्वीच्या जागी आली पाहिजेत’ असे सांगावे. आणि काम पुरे झाल्यावर झिलई पाहून पैसे न देता, घरातील जे माणूस ते वाद्य वाजविणार आहे त्याला अर्धा तास बसवून पाहावे.

जुन्या वस्तूच्या दुरुस्तीत आपण बहुधा जे डोळ्यांना दिसते त्याची काळजी घेतो. दिवाणखान्यात आलेला पाहुणा पियानोखाली वाकून पाहत नाही, म्हणून खालची बाजू जेमतेम भागविली जाते. परंतु वाद्य पाहुण्यासाठी नसते. ते वाजविणाऱ्यासाठी असते. परक्या प्रदेशात राहून ज्या कुटुंबांनी आपली भाषा, आपले ग्रंथ आणि आपले सणवार पिढ्यान्‌पिढ्या वापरात ठेवून जतन केले, त्यांना वापरात असलेली वस्तू आणि नुसती ठेवलेली वस्तू यांतील भेद निराळा समजावून सांगावा लागणार नाही. नीट बसविलेले पेडल वाजविणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही, आणि हीच त्या कामाची पावती.

पुढील महिन्यात पियानोच्या तारा आणि त्यांचा ताण धरणारा लोखंडी सांगाडा यांचा विचार करू.